ड्रायरचा लिंट काढायचा ब्रश-सेट: ड्रिलचं कौतुक पुरे, नळीकडे बघा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांचा खोळंबा नको. कपडे वाळवायच्या ड्रायरच्या आत साठलेला लिंट, म्हणजे कपड्यांचं तूस, काढायला लांबलचक कांड्यांचा, ड्रिलला लावून गरागरा फिरवायचा जो ब्रश-सेट मिळतो, तो कामाचा आहे. पण ज्या करामतीसाठी त्याची जाहिरात होते तिच्यासाठी कमी, आणि खोक्याच्या तळाशी पिशवीत कोंबलेल्या दोन किरकोळ वस्तूंसाठी जास्त. तुमचा ड्रायर कंडेन्सर किंवा हीट पंप प्रकारातला, म्हणजे हवा घराबाहेर न फेकणारा असेल तर अर्ध्याहून जास्त सेट तुमच्या घरी नुसता पडून राहील. तुमच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय, थेट तिकडे गेलात तरी चालेल.

सेटवरचं नाव मुद्दाम देत नाही. मी पाहिलेल्या सेटांमध्ये कांड्यांचा रंग आणि खोक्यावरचं चित्र सोडलं तर फारसा फरक नव्हता.

आमच्याकडे व्हेंटवाला ड्रायर आहे, म्हणजे दमट गरम हवा डक्टमधून, हवेच्या जाड नळीतून, घराबाहेर फेकणारा. फिल्टर दाराच्या खालच्या कडेत, उभा सरकवायचा. घरात लांब केसांच्या दोघी, बारा महिने केस गाळणारा एक कुत्रा आणि जाडजूड सुती टॉवेलांचा ढीग. लिंटची ददात नाही. फिल्टर दर फेरीनंतर साफ होतो, त्यात कुणाची हयगय चालत नाही. तरीही टॉवेल एका फेरीत वाळेनासे झाले. बाहेर काढावेत तर हाताला चांगले गरम, आणि दुमडायला घेतले की कडा ओलसर. यंत्राचा वरचा पत्राही नेहमीपेक्षा जास्त तापायचा. गरम आहे पण वाळत नाही, याचा अर्थ हीटर ठीक आहे आणि हवा कोंडली आहे. मेकॅनिकला बोलावण्याआधी हा सेट मागवला तो या हिशोबाने.

खोक्यात नायलॉनच्या लवचिक कांड्या निघाल्या, दोन्ही टोकांना पितळी आटे, एकात एक पिळून हवी तेवढी लांबी करायची. त्यांच्या टोकाला बसवायचा चार इंची गोल ब्रश. दुसऱ्या टोकाला ड्रिलमध्ये धरायचा षटकोनी तुकडा. इथवर जाहिरातीत दिसतं. त्याशिवाय पिळलेल्या तारेवर केस बसवलेला एक लांब, बारीक, हवा तसा वाकणारा ब्रश, आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जोडायची बोटभर जाडीची लवचिक नळी. खरी मजा या शेवटच्या दोघांत आहे.

कारण असं. लिंट म्हणजे कपड्यांचीच झीज. धुताना आणि नंतर ड्रममध्ये आपटताना सुताची आखूड टोकं तुटतात आणि हवेबरोबर निघतात. फिल्टरची जाळी त्यातलं बरंचसं धरते, सगळं नाही. जाळीच्या कडेला जिथे चौकट नीट बसत नाही तिथून, आणि फिल्टर उपसताना त्याच्या कडेवरून खाली सांडून, रोज थोडं थोडं तूस फिल्टरच्या खालच्या खाचेत जातं. ती खाच पुढे अरुंद होत वळते आणि पंख्याच्या घरट्यात उघडते. हात तिथे जात नाही. व्हॅक्यूमचं नेहमीचं चपटं तोंड जेमतेम वीतभर जातं आणि अडतं. आपण वरची जाळी लख्ख करून समाधानाने दार लावतो, आणि खाली साठत राहतं.

प्लग काढला, फिल्टर उपसला, टॉर्च लावून आत पाहिलं. पहिल्या नजरेला काही विशेष दिसलं नाही, भिंतींवर करडी लव, बस्स. मग तारेचा ब्रश थोडा वाकवून आत सोडला. वळणापाशी तो अडला, पण अडणं मऊ होतं, पत्र्यावर आपटल्यासारखं टणक नव्हतं. तिथे त्याला अर्धा वळसा दिला आणि हळू ओढला. ब्रशबरोबर नमद्याची पट्टी निघावी तसा सलग करडा थर वर आला. एका बाजूने अगदी गुळगुळीत, खाचेच्या भिंतीचा ठसा घेतलेला, दुसऱ्या बाजूने भुसभुशीत. त्यात कुत्र्याचे पांढरे केस आडवेतिडवे विणले गेलेले, एक शर्टाचं बटण, केसांची एक पिन आणि खिशात राहून धुतल्या गेलेल्या कागदाचे गोळे. दुसऱ्यांदा घातला, पुन्हा तेवढंच. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, यात एक उशी भरली असती."

ब्रश वापरायची एक पद्धत आहे, माहितीपत्रकात ती धड लिहिलेली नाही. आत ढकलताना फिरवायचा नाही. फिरवत ढकललात तर सैल लिंट पुढे पंख्याकडे सरकतो, म्हणजे जिथून काढणं आणखी अवघड तिथे. सरळ आत न्यायचा, टोकाशी पोचल्यावर पिळायचा आणि पीळ धरून ओढायचा. आणि हा ब्रश हातानेच चालवायचा. त्याची दांडी ड्रिलमध्ये बसते म्हणून बसवायची नाही. खाली पंख्याची प्लास्टिकची पाती आहेत, बहुतेक यंत्रांत तापमान मोजणारा सेन्सरही त्याच वाटेवर असतो.

ब्रशने जाड माल निघाला की मग नळी. तिचं रबरी तोंड आमच्या व्हॅक्यूमच्या पाइपवर सैल बसत होतं. चिकटपट्टीचे दोन वेढे दिल्यावर खेच लागली. नळी बारीक असल्याने व्हॅक्यूमचा आवाज चढतो, मोटार कुरकुरते. मधे मधे नळी बाहेर काढून मोटारीला श्वास घेऊ द्यावा. पण ती जिथे पोचते तिथे आपल्याकडचं दुसरं काहीच पोचत नाही. वळणापलीकडे गेल्यावर नळीतून सुटे केस आणि भुगा सळसळत वर येताना हाताला कळतं. मधेच सळसळ थांबली आणि नळी जड झाली की तोंडाशी बोळा बसलाय असं समजायचं. बाहेर काढायची, बोळा चिमटीने ओढायचा, पुन्हा आत. सेटमधल्या या एका वस्तूसाठी मी तो पुन्हा घेईन.

आता कांड्या आणि ड्रिल. व्हिडिओत हा भाग फार देखणा असतो: बाहेरच्या तोंडातून ब्रश आत शिरतो आणि करड्या ढगांचा लोट बाहेर येतो. प्रत्यक्षात तसं होतं, नाही असं नाही. पण आधी तुमचा डक्ट कसला आहे ते पाहा. कडक धातूची सरळ नळी असेल, अल्युमिनियमची किंवा गॅल्वनाइज्ड पत्र्याची, तर हा ब्रश बिनधास्त चालवा. अकॉर्डियनसारखी ताणली जाणारी पातळ फॉइलची नळी असेल तर कृपा करून ड्रिल बाजूला ठेवा. ब्रश तिच्या सुरकुत्यांत अडकतो आणि फॉइल टराटरा फाटतं. मग दमट हवा आणि लिंट दोन्ही भिंतीमागे. तसली नळी साफ करण्यापेक्षा बदललेली बरी. सुरकुत्यांत लिंट धरतो, मधे झोळ पडला की तिथे पाणी साठतं, आणि ओल्या लिंटवर आणखी लिंट बसत जातो. पांढऱ्या प्लास्टिकची नळी असेल तर विचारसुद्धा करू नका, आजच काढा.

कांड्यांचे आटे नेहमीसारखे उजवे आहेत. ड्रिल सरळ फिरत असेपर्यंत सांधे आवळत जातात. उलटी दिशा लागली की सुटतात. आमच्या शेजारच्या काकांनी सेट उसना नेला होता. ब्रश कोपऱ्यात अडकला म्हणून त्यांनी स्क्रू काढतात तसा ड्रिल उलटा फिरवला. कांड्या बाहेर आल्या, ब्रश आतच राहिला. पुढचा सगळा दिवस काका भिंतीकडे बघत बसले आणि शेवटी डक्ट सांध्यातून उघडावा लागला. तेव्हा: ड्रिल कमी वेगावर, दिशा कायम सरळ, आत जातानाही आणि बाहेर काढतानाही फिरतं ठेवायचं, आणि प्रत्येक सांध्यावर इलेक्ट्रिकच्या कामाची टेप गुंडाळायची. टेप सेटमध्ये येत नाही. यायला हवी होती. सुरुवात दोन कांड्यांनी करायची, तेवढा भाग मोकळा झाला की तिसरी जोडायची. एकदम सगळी लांबी आत घातली तर कांडी मधेच वाकून गुंडाळते आणि ब्रश जागेवरच राहतो.

काटकोनातल्या वळणाशी आमचाही ब्रश अडला. जोर केला नाही. बाहेरच्या बाजूने पुन्हा प्रयत्न केल्यावर तेच वळण सुटलं. दोन्ही टोकांनी काम करता येत असेल तर दोन्हीकडून करावं. ड्रायर मागून सुटा करून डक्टच्या तोंडाला जुनी उशीची खोळ बांधली होती, सगळा माल तिच्यात पडला. विजेचा ड्रायर असेल तर यंत्र पुढे ओढणं सोपं आहे. गॅसवर चालणारा असेल तर गॅसचा पाइप ताणला जाण्याची भीती असते, ते काम माहीतगारावर सोपवावं. गॅसच्या ड्रायरमध्ये डक्ट तुंबला तर प्रश्न नुसता वाळण्याचा राहत नाही, कार्बन मोनॉक्साइड घरात मागे फिरू शकतो.

डक्टमधून निघाला त्यापेक्षा जास्त लिंट बाहेरच्या झडपेपाशी होता. हे साहजिक आहे. ड्रायरमधून निघालेली गरम दमट हवा बाहेरच्या टोकाशी थंड होते, भिंतीवर ओल धरते आणि ओलीवर तूस चिकटतं. आमची झडप अर्धवट उघडी अडकली होती, तिच्या बिजागरीत लिंट वाळून कडक झालेला. तो ब्रशने निघाला नाहीच. जुन्या टूथब्रशने आणि नखाने निघाला. काही घरांत पक्षी येऊ नयेत म्हणून त्या तोंडावर बारीक जाळी ठोकलेली असते. ती काढून टाका. लिंट धरायला त्याहून चांगली जागा नाही, आणि ती बाहेरच्या अंगाला असल्याने घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. डक्टचे तुकडे जोडताना आत टोकं निघतील असे स्क्रू मारू नयेत, तेही त्याच कारणाने. सांध्यांना फॉइलची टेप लावावी.

डक्ट जितका लांब आणि वाकडा तितका तुंबणार. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना नियमावलीत या डक्टची कमाल लांबी ३५ फूट धरली आहे, आणि साध्या काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा करायचे. म्हणजे तीन वळणं आली की २० फूट उरले. आपल्या घरी तो नियम लागू असो नसो, गणित उपयोगी आहे. डक्ट लहान आणि सरळ करता येत असेल तर कुठल्याही ब्रशपेक्षा त्याचा गुण मोठा.

साफ न करण्याची किंमत काय, हे ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातल्या आकड्यांत घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला अंदाजे २,९०० होत्या, आणि कारणांत सर्वात वर, ३४ टक्के, साफसफाई न करणं होतं. कोरडा लिंट ठिणगीवर किती पटकन धरतो हे कॅम्पिंग करणाऱ्यांना विचारा, ते तो शेकोटी पेटवायला मुद्दाम साठवतात. ड्रायरमध्ये थर्मल फ्यूज असतो, यंत्र प्रमाणाबाहेर तापलं की तो उडतो आणि बहुतेक यंत्रांत तो बदलावाच लागतो. वरचेवर उडत असेल तर नुसता नवा घालून पुढे जायचं नाही, हवा कुठे कोंडतेय ते शोधायचं.

हा सेट जिथे पोचत नाही ती जागाही सांगायला हवी. ड्रमच्या भोवतीच्या फेल्टच्या पट्ट्या झिजल्या की लिंट डक्टकडे न जाता यंत्राच्या पेटीतच गळतो. हीटरला लागणारी हवा त्याच पेटीतून ओढली जाते, म्हणून तिथला लिंट सर्वात वाईट. तिथे ना कांडी जाते ना नळी. पाठचा पत्रा खोलून, मोकळ्या हाताने, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने ते काम होतं. ज्याला यंत्र उघडायची सवय नाही त्याने मेकॅनिकलाच बोलवावं. "हा सेट घेतला की माणूस बोलवायची गरज नाही" असं खोक्यावर छापलंय, ते सोडून द्या.

आणि काही कामांना सेट लागतच नाही. कपडे मऊ करणारे सुगंधी ड्रायर शीट्स वापरत असाल तर फिल्टरच्या जाळीवर मेणचट थर बसतो. डोळ्यांना दिसत नाही, जाळी स्वच्छच वाटते. नळाखाली धरून बघा. पाणी सरळ आरपार गेलं तर ठीक, जाळीवर तळं साचलं तर हवाही तशीच अडते आहे. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचा नाही. तोच थर ड्रमच्या आतल्या त्या दोन धातूच्या पट्ट्यांवरही बसतो, ज्या कपड्यांचा ओलावा ओळखतात. त्या मळल्या की यंत्राला कपडे वाळले कधी ते कळत नाही. फडक्यावर थोडं पांढरं व्हिनेगर घेऊन पुसल्या की झालं.

कंडेन्सर आणि हीट पंपवाले, आता तुमच्याकडे येते. तुमच्याकडे बाहेर जाणारा डक्टच नाही, म्हणून कांड्या, ड्रिल, चार इंची ब्रश हे सगळं तुमच्यासाठी ओझं. नणंदेच्या घरी हीट पंपचा ड्रायर आहे, तिथे मी नळी आणि बारीक ब्रश घेऊन गेले. दाराजवळचा दुहेरी फिल्टर उघडून साफ केला, खालचं झाकण उघडून स्पंज धुतला. त्यामागे अल्युमिनियमच्या पातळ पात्यांची रांग असते, तिथे हा तारेचा ब्रश चुकूनही लावू नका. पाती बोटाच्या दाबानेही वाकतात, वाकली की हवेची वाट बंद, आणि त्यांच्या कडा बोट कापतात. व्हॅक्यूमला मऊ केसांचं गोल तोंड लावून, पात्यांच्या दिशेनेच, वरून खाली. आडवं कधी नाही. नळी फक्त कोपऱ्यांतला लिंट ओढायला उपयोगी पडली, पण तिथे तिने काम चोख केलं. साध्या कंडेन्सर ड्रायरमध्ये बहुतेकदा तो उष्णता-विनिमयाचा ठोकळा अख्खा बाहेर निघतो, तो नळाखाली धुता येतो. काही यंत्रांत तो आपोआप धुतला जातो असं कंपन्या सांगतात. तरी पुस्तिका उघडून काय काय हाताने करायचं ते वाचावं.

धुण्याआधी कोरडा लिंट मात्र हाताने उचलून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये सोडू नका. एक तर नाली तुंबते. दुसरं म्हणजे फ्लीस, पॉलिस्टर यांचं तूस प्लास्टिकच असतं. २०२० साली 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत एक निबंध आला होता. त्यातल्या संशोधकांनी बर्फ पडलेल्या जागी ड्रायरमध्ये गुलाबी फ्लीसची पांघरुणं वाळवली आणि बाहेर बर्फावर गुलाबी धागे मोजले. व्हेंटपासून ३० फुटांवरही ते सापडले. व्हेंटमधून जे जातं ते आपल्याला अडवता येत नाही, पण जे हातात आलंय ते पाण्यात तरी सोडू नये.

गुणवत्तेबद्दल तक्रारी आहेत. चार इंची ब्रशचे केस पहिल्याच वापरात वाकडे झाले आणि काही गळून डक्टमध्येच राहिले, म्हणजे जे काढायला गेलो त्यात आपली भर. एका कांडीवरची पितळी टोपी नायलॉनवर नीट दाबलेली नव्हती, हाताने हलवली तर डुगडुगत होती. ती बाजूला काढली. तुम्हीही वापरण्याआधी प्रत्येक टोपी ओढून आणि पिळून बघा, कारण ती डक्टच्या मधोमध सुटली तर काकांसारखी गत. तारेच्या ब्रशच्या टोकाला रबराची टोपी आहे, ती चांगली घट्ट आहे. माहितीपत्रकातली अक्षरं इतकी बारीक की मुलीकडून फोनवर फोटो काढून मोठी करून वाचली, आणि त्यातही प्लग काढण्याची सूचना शेवटून दुसरी.

काम झाल्यावर सगळं जोडून, कपडे न घालता, ड्रायर थोडा वेळ चालवला आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. झडप पूर्ण आडवी उघडली होती आणि हवेचा झोत हाताला जोरात लागत होता. पहिल्या मिनिटात उरलासुरला भुगा फुर्रकन बाहेर आला, तोंड थोडं बाजूला ठेवलेलं बरं. टॉवेल आता एका फेरीत वाळतात, कडांसकट.

पाचपैकी साडेतीन तारे. नळी आणि तारेच्या ब्रशला मी पाच दिले असते, ड्रिलच्या ब्रशला दोन. व्हेंटवाला ड्रायर, कडक धातूचा डक्ट आणि घरात ड्रिल, या तिन्ही गोष्टी असतील तर पूर्ण सेट घ्या. नसतील तर नळी आणि बारीक ब्रश सुटे मिळतात, तेवढ्यावर भागतं. खाचेत दर महिन्याला नळी फिरवते आहे, डक्ट वर्षातून एकदा पुरे. आमच्या सेटमधली डुगडुगणारी कांडी बदलून द्यायला विक्रेता तयार झाला, पण त्याला त्या कांडीचा फोटो हवाय, तोही सांधा सुटलेला दिसेल असा.